नोंदवहीतील फुली

तुमच्या पणजोबांचे नाव तुम्हांला ठाऊक आहे का? आणि पणजोबांच्या वडिलांचे? काही घरांत शजरा जपून ठेवलेला असतो. त्यालाच मराठीत वंशावळ म्हणतात. पुष्कळ घरांत मात्र आजोबांच्या मागची नावे कोणालाच सांगता येत नाहीत.

१९९३ साली मी काही महिने इंग्लंडमध्ये राहत होतो. शेजारच्या घरात एक वृद्ध बाई राहत. चाळीस वर्षे त्यांनी शाळेत लहान मुलांना लिहायला-वाचायला शिकवले होते. पण आता त्यांची नजर इतकी अधू झाली होती, की त्यांना वर्तमानपत्रही वाचता येत नसे. एके दिवशी त्यांनी घरातले जुने बायबल माझ्यापुढे ठेवले. बायबलच्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म-मृत्यू लिहून ठेवण्याची चाल अनेक इंग्रज घरांत होती. तशा एका पानावर बाईंच्या वडिलांनी सुबक अक्षरांत लिहिले होते, ‘माझ्या आजोबांचे वडील, शेतमालक, पडलटाउन.’

“हे खरे आहे का, ते मला डोळे मिटण्यापूर्वी कळायला हवे,” बाई म्हणाल्या. “मात्र वाचायचे काम तुम्हांला करावे लागेल.”

पडलटाउन हे दक्षिण इंग्लंडमधील डॉर्सेट काउंटीतले एक खेडे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. तिथले मुख्य गाव डॉर्चेस्टर. तेथे काउंटीचे अभिलेखागार आहे, म्हणजे जुनी कागदपत्रे सांभाळण्याचे सरकारी घर. आम्ही प्रथम तेथे गेलो.

असा शोध नेहमी उलटा करायचा असतो, जवळच्या पिढीकडून दूरच्या पिढीकडे. म्हणून आधी शिरगणती पाहिली. इंग्लंडमध्ये १८४१ पासूनच्या शिरगणतीत घरोघरची नावे मिळतात. पण त्या वर्षी पंधरा वर्षांवरील माणसांचे वय बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहीत. अठ्ठावीस वर्षांचा माणूस कागदावर पंचवीसचा होई! १८५१ ची शिरगणती अधिक चोख आहे. तिच्यात बाईंचे पणजोबा सापडले. वय पंधरा, जन्म पडलटाउन, काम शेतमजुरी. त्यांच्या वडिलांच्या नावापुढेही तेच होते, शेतमजूर.

मी वाचून दाखवले. बाई क्षणभर थांबून म्हणाल्या, “पूर्वी शेत असेल, मग गेले असेल. आणखी मागे चला.”

आणखी मागे जायचे म्हणजे चर्चच्या नोंदवह्या उघडायच्या. राजा आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली हुकूम काढला, की प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी. वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची. एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी गावच्या पंचांकडे. राजा असो वा गुराखी, तीन वेळा तरी त्याचे नाव वहीत यावे, अशी ही व्यवस्था होती. जुन्या वह्या हाताळून खराब होऊ नयेत म्हणून त्यांची छायाचित्रे फिल्मवर घेतलेली असतात. यंत्राच्या काचेवर ती मोठी होऊन दिसतात.

मी फिल्म फिरवू लागलो आणि चक्रावलो. १८३४ च्या दफनाच्या पानावर बाईंच्या पणजोबांचेच नाव होते, वय अकरा महिने! बाळपणीच वारलेला माणूस पणजोबा कसा होईल? बाई मात्र लगेच म्हणाल्या, “पुढे पाहा. त्याच नावाचा दुसरा मुलगा असेल.” खरेच, १८३६ च्या बाप्तिस्म्यांत तेच नाव पुन्हा होते. गेलेल्या मुलाचे नाव पुढच्या मुलाला देण्याची तिकडे रीत होती. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील वहीत बापाचा धंदा लिहिण्याचा रकाना असे. दोन्ही मुलांच्या नोंदींत त्या रकान्यात एकच शब्द होता, मजूर.

पहिले बाळ गेले ते १८३४ चे साल तुमच्या लक्षात राहावे. पडलटाउनपासून जवळच टॉलपडल नावाचे खेडे आहे. तेथल्या शेतमजुरांची मजुरी कमी होत होत आठवड्याला सात शिलिंगांवर आली होती. ती आणखी कमी होणार, असे कळल्यावर त्यांनी संघटना बांधली. गुप्त शपथ घेतल्याचा आरोप ठेवून त्यांच्यापैकी सहा जणांना त्याच वर्षी सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला धाडण्याची शिक्षा झाली. देशभर आरडाओरडा झाला, तेव्हा १८३६ मध्ये त्यांना माफी मिळाली. बाईंच्या खापरपणजोबांचे घर अशाच मजुरीवर चालत असणार.

शेवटी १८२९ ची विवाहाची नोंद सापडली. १७५४ पासून नवरा-नवरीने वहीत सही करावी, सही येत नसेल तर खूण करावी, असा कायदा होता. काचेवर दोन फुल्या दिसत होत्या. एक ठसठशीत. दुसरी बारीक, तिची एक रेघ मध्येच तुटलेली. भोवती पाद्र्याच्या अक्षरात लिहिले होते, ‘नवऱ्याची खूण’, ‘नवरीची खूण’.

“कुठे आहे ती?” बाईंनी विचारले. मी त्यांचे बोट धरून काचेवर त्या बारीक फुलीवर ठेवले. शेत नव्हतेच, हे त्यांना केव्हाच कळून चुकले होते. त्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “किती मुलांचा हात धरून मी अक्षरे गिरवून घेतली. हिचा हात कोणीच धरला नाही.”

दुसऱ्या दिवशी आम्ही पडलटाउनला गेलो. बाईंनी बागेतली फुले बरोबर घेतली होती. चर्चच्या आवारात थडग्यांचे दगड पुष्कळ, पण त्या नावाचा एकही नाही. मजुराला कोरीव दगड कोठून परवडणार? दफनाच्या वहीत तारीख असते, जागा नसते. आम्ही चर्चमध्ये शिरलो. आत १६३५ सालची लाकडी माडी अजून उभी आहे, आणि बाप्तिस्म्याचे फार जुने दगडी कुंडही. दोन्ही बाळांना याच कुंडापाशी आणले असेल, असे मी म्हणालो. बाईंनी कुंडाच्या काठावरून हात फिरवला आणि फुले तेथेच खाली ठेवली.

त्या रात्री बायबल पुन्हा उघडले. वडिलांची ओळ खोडून नवी लिहू का, असे मी विचारले. बाईंनी मान हलवली. “त्यांची ओळ राहू द्या. खाली जागा आहे ना?”

मी खाली ‘शेतमजूर’ असे ठळक अक्षरांत लिहिले, खापरपणजीचे नाव लिहिले, आणि लेखणी बाईंच्या हाती दिली. त्यांनी चाचपडत त्या नावापुढे एक लहानशी फुली काढली.