ब्लूर स्ट्रीटवरचा सायकलींचा पट्टा

टोरांटोला जाणारा भारतीय पर्यटक सीएन टॉवर पाहतो, नायगाराला जाऊन येतो आणि खरेदीला लागतो. ब्लूर स्ट्रीट त्याच्या यादीत बहुधा नसतोच. पण हे शहर रोज जगते कसे, हे पाहायचे तर वसंतात हाय पार्कमधला चेरीचा बहर डोळ्यांत साठवून याच रस्त्याने पूर्वेकडे निघावे.

क्रिस्टी ते बॅथर्स्टदरम्यान कोरियन पाट्या आणि खाणावळी लागतात. पुढे ॲनेक्समधली विटांची जुनी घरे. शहरांविषयी लिहिणाऱ्या जेन जेकब्स इथेच राहत. वस्ती चिरत जाणारा स्पॅडायना एक्सप्रेसवे रोखायला त्या रस्त्यावर उतरल्या होत्या. १९७१ मध्ये प्रांत सरकारने तो बेत सोडला.

पन्नास वर्षांनी त्याच भागात पुन्हा रस्त्यावरून वाद पेटला. या वेळी निमित्त होते कडेच्या सायकलींच्या पट्ट्याचे. २०१६ मध्ये तो प्रयोग म्हणून आखला गेला. गिऱ्हाईक तुटेल, ही दुकानदारांची भीती खरी ठरली नाही. पाहणीत उलट गिऱ्हाईक वाढलेले दिसले. २०१७ मध्ये पट्टा कायम झाला आणि पुढे पश्चिमेकडे इटोबिकोपर्यंत वाढला. तिथे मात्र लोक चिडले. घरे लांब लांब, मोटारीशिवाय पान हलत नाही, आणि मोटारीला वेळ जास्त लागू लागला, हे पालिकेनेही मान्य केले होते. त्यांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती.

प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री, डग फोर्ड याच इटोबिकोचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांच्या सरकारने ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूवरचे पट्टे उखडण्याचा कायदाच केला. त्याआधी जुलैमध्ये ब्लूरच्या पट्ट्यात बांधकामाच्या कचऱ्याची भलीमोठी पेटी ठेवलेली होती. तिला वळसा घालताना एक तरुणी ट्रकखाली सापडून मरण पावली. पट्टा नसला तर काय होते, ते शहराने असे पाहिले होते.

सायकलस्वारांची संघटना न्यायालयात गेली. सोबत एक विद्यार्थिनी होती आणि सायकलवरून सामान पोचवणारा एक तरुण. जुलै २०२५ मध्ये न्यायमूर्तींनी कायद्यातला तो भाग घटनाबाह्य ठरवला. सायकलीसाठी पट्टा मिळणे हा हक्क आहे, असे ते म्हणाले नाहीत. पट्टे काढल्याने कोंडी सुटेल याला आधार नाही आणि माणसांच्या जिवाला धोका मात्र वाढेल, एवढेच त्यांनी पाहिले. सरकारने अपील करण्याचे जाहीर केले.

ब्लूरवरून दक्षिणेला वळले की क्वीन्स पार्कमध्ये प्रांताच्या विधानसभेची तांबूस दगडी इमारत दिसते. तिला वळसा घालून रस्ता युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूवरच्या मोठ्या इस्पितळांकडे जातो. पट्ट्यांमुळे रुग्णवाहिका अडतात, असे विरोधक सांगत, ते इथलेच. इस्पितळात सायकलवरून कामाला येणारेही याच रस्त्याने येत. निकाल लागला त्या दिवशी विधानसभेच्या दारातला तो पट्टा जागच्या जागीच होता.