गावाला नाव दिलं, मुलाला नाही

आयरिश आडनावातला 'ओ' म्हणजे नातू, वंशज. हे एवढंसं अक्षर एका मुलाला बावीस वर्षं लावता आलं नाही.

अँब्रोसिओ ओ'हिगिन्स हा आयर्लंडमधल्या स्लायगोचा. स्पेनच्या राजाच्या चाकरीत चढत चढत तो चिलीचा गव्हर्नर आणि १७९६ मध्ये पेरूचा व्हाइसरॉय झाला. चिलीत वसवलेल्या एका गावाला त्याने आपल्या बॅलीनॅरीचं नाव दिलं, तेच आजचं वालेनार. १७७८ साली इसाबेल रिकेल्मेपासून त्याला मुलगा झाला, बेर्नार्डो. लग्न झालेलं नव्हतं. बापाने मुलाला इंग्लंडला शिकायला पाठवलं, पण जवळ घेतलं नाही की आडनावही दिलं नाही. मुलगा आईचंच लावत राहिला.

१८०१ मध्ये बाप वारला, मुलाच्या नावे जमीन ठेवून. आडनाव मुलाने आपणहून घेतलं. आणि बापाने ज्या राजाची चाकरी केली, त्याचीच सत्ता चिलीतून उलथली! १८१७ ते १८२३ तो देशाचा प्रमुख होता. १८४२ मध्ये लिमाला, परमुलखात वारला.

आज चिलीत ओ'हिगिन्स नावाचा प्रांत आहे, सरोवर आहे, अगदी दक्षिणेला एक गाव आहे. ही सगळी नावं मुलाची बरं का, बापाची नव्हेत.

आयुष्यभर हजेरी घेतली. वडिलांचं नाव विचारलं की मान खाली घालणारी पोरं पाहिली. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. १९४८ साली उभारलेल्या चिलीच्या अंटार्क्टिकावरच्या तळाचं पूरं नाव आहे जनरल बेर्नार्डो ओ'हिगिन्स रिकेल्मे. आईचं नाव तिथेही सुटलेलं नाही.