वैशाखांतील वनस्पतिशोध

श्रीखंड, बासुंदी, केशरी भात यांवर चारोळी पेरण्याची चाल आपल्या घरोघरीं आहे. लग्नमुंजीच्या यादींत बदाम-बेदाण्यांच्या शेजारीं चारोळीचें नांव हटकून असतें, आणि तिचा भाव ऐकून यजमानाच्या कपाळास आठी पडते तीहि हटकून. परंतु ही चारोळी कोणत्या झाडाच्या फळांतील बी, तें झाड कोठें उगवतें, त्यास मोहोर केव्हां येतो, असें विचारिलें तर बहुतेक घरें निरुत्तर होतील. ती वाण्याच्या दुकानींच पिकते अशी कित्येकांची समजूत असावी! वास्तविक चाराचें झाड आमच्या वर्धा जिल्ह्यांतील टेंकड्यांवर उभें आहे. ऐन वैशाखांत त्याचीं वाटाण्याहून किंचित मोठीं फळें पिकून काळींजांभळीं होतात. वरचा आंबटगोड गर पोरें खातात. आंतील कठीण कवची वाळवून जात्यावर भरडली म्हणजे चारोळी निघते.

संस्कृतांत ज्यास प्रियाल म्हणतात तो हाच वृक्ष. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गांत अकालीं अवतरलेल्या वसंताचें वर्णन करतांना, प्रियालाच्या मोहोराचे रजःकण डोळ्यांत जाऊन हरिणांची दृष्टि कशी मंदावली तें कालिदासानें सांगितलें आहे. हा श्लोक आम्हीं वर्गांत कैक वर्षें शिकविला. शालेय टीपांत प्रियाल या शब्दापुढें बहुधा एकच अर्थ छापलेला असतो: ‘वृक्षविशेष’. हा शब्द मोठा सोयीचा खरा! लोध्र, तो एक वृक्षविशेष. सर्ज, तोहि वृक्षविशेष. ककुभ, तोहि तसाच. शिकविणाऱ्याचें काम भागतें, शिकणाऱ्यास गुण मिळतात, आणि झाड मात्र कोणाच्याच ओळखीचें होत नाहीं. सेवेंतून निवृत्त झाल्यावर या ‘विशेषां’चीं तोंडें तरी पाहावींत, आणि एकट्यानें न पाहतां मुलांस बरोबर घेऊन पाहावींत, असें आमच्या मनानें घेतलें.

गेलीं चार वर्षें वार्षिक परीक्षा आटोपल्या कीं चैत्राच्या अखेरीपासून रोहिणी नक्षत्र लागेपर्यंत दर रविवारीं पहांटे आम्ही दहापंधरा मुलेंमुली घेऊन रानांत जातों. साडेपांचास निघावें, साडेआठाच्या आंत परतावें, असा दंडक आहे. आमच्या जिल्ह्यांत वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. नवानंतर रानांत थांबणें म्हणजे दुखणें ओढवून घेणें होय. प्रत्येकाच्या डोक्यास दुपट्टा, खांद्यास पाण्याची बाटली, हातांत शिसपेन्सिल व वही. झाडाचें पानहि तोडावयाचें नाहीं. खालीं पडलेलें तेवढें उचलावें. बोरच्या अभयारण्यांत आम्ही शिरत नाहीं. तें १९७० सालीं घोषित झालें व २०१४ सालापासून तेथें व्याघ्रप्रकल्प आहे. तेथील नियम वेगळे. आमचा संचार गांवशिवारांत, पवनारच्या बाजूस धाम नदीच्या काठानें आणि हिंगणीकडील माळांवर.

पुष्कळ स्नेही विचारतात कीं, झाडेंझुडपें पाहावयाचीं तर तीं श्रावणांत पाहावींत. या भट्टींत काय पाहतां? लहान रोपट्यांपुरतें त्यांचें म्हणणें खरें आहे. परंतु मोठ्या झाडांची ओळख उन्हाळ्यांतच नीट होते. पावसाळ्यांत सारें रान हिरवेंगार, एकांत एक मिसळलेलें. उन्हाळ्यांत पानें गळालेलीं, आणि जो तो आपापल्या सालीनिशीं, फुलानिशीं किंवा फळानिशीं उघडा उभा. पळस शिमग्यास पेटून विझलेला असतो व त्याच्या चपट्या शेंगा लोंबत असतात. बहावा याच दिवसांत पिवळ्या झुंबरांनीं लवतो. सालईच्या सालीचे कागदासारखे पातळ पोपडे निघतात. धामेच्या काठचा अर्जुन तर पांढुरक्या गुळगुळीत अंगावरून दुरूनच ओळखूं येतो. अर्जुन म्हणजे पांढरा, हें आम्हांस पाठ होतें. पण त्या खोडावर हात ठेवून मुलांस तो अर्थ सांगतांना जो आनंद झाला तो अमरकोशाची आवृत्ति करतांना कधीं झाला नव्हता. अमरसिंहानें यास नदीसर्ज असेंहि नांव दिलें आहे, आणि वृक्ष नदीकांठींच उभा! वनौषधिवर्ग ज्यानें रचिला तो केवळ कोठडींत बसून रचणारा नव्हता, असें आमचें मत होत चाललें आहे. तेंदूस तो कालस्कंध म्हणतो. तेंदूचें खोड काळें व चौकोनी भेगांचें असतें. मोहास त्यानें गुडपुष्प म्हटलें आहे, तें फूल चाखणाऱ्यास सांगावयास नको. मोहाचें आणखी एक नांव वानप्रस्थ आहे. आमच्यासारख्या सेवानिवृत्तास हें नांव विशेष जवळचें वाटतें, इतकेंच येथें सांगतों.

आमच्या या फेऱ्यांत वाट दाखविणारीं माणसें दोन. एक महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापिकाबाई. दुसऱ्या टेंकडीखालच्या गांवांतील एक गोंड आजीबाई, वय ऐंशीच्या घरांत, अक्षरओळख नाहीं, परंतु रानांतील एकहि झाड त्यांस अनोळखी नाहीं. पहिल्या वर्षीं मुलें पान शोधीत खालीं वाकलेलीं पाहून त्या हंसल्या व आम्हांस म्हणाल्या, “पानावर काय जाता गुर्जी? वैशाखात पान कुठी राह्यते? सालीले हात लावून पाहा.” तेंदू आणि चार या दोहोंच्या साली काळपट व सुसरीच्या पाठीसारख्या, मुलें हटकून गोंधळतात. आजीबाईंनीं खालचें एक वाळकें पान उचलून प्रकाशाकडे धरलें व त्यांतील ठळक, सरळ, एकमेकींस समांतर अशा शिरा दाखविल्या. पान चाराचें होतें. प्राध्यापिकाबाईंनीं त्याच लक्षणाचें शास्त्रीय वर्णन सांगितलें. दोहोंत तिळमात्र फरक निघाला नाहीं.

नांवांचा गोंधळ मात्र पुष्कळ आहे, आणि तो समजून घेण्यांतच अर्धा अभ्यास आहे. पुण्याकडील पाहुणे ज्यास टाकळा म्हणतात तो आमचा तरोटा. त्यांची टेंभुर्णी, आमचा तेंदू. हा गोंधळ निरुपद्रवी. परंतु ब्राह्मी म्हणून कोणी पाणथळींतील नीरब्राह्मी देतो, कोणी मंडूकपर्णी देतो. शंखपुष्पी या नांवाखालीं निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पति वैद्यांच्या पोटलींत जातात. येथें चुकीचें नांव म्हणजे चुकीचें औषध. हल्लीं मोबाईलवर छायाचित्र घेतलें कीं नांव सुचविणारीं साधनें निघालीं आहेत. मुलांस तीं वापरूं देतों. मात्र मोबाईल सुचवितो, साक्ष देत नाहीं, असें बजावून ठेविलें आहे. आमच्या वहींत नोंद पक्की होण्यास तीन साक्षी लागतात: झाड स्वतः, गांवांतील जाणतें माणूस, आणि ग्रंथ. तिन्हींचा मेळ बसेपर्यंत नोंद शिसपेन्सिलीनें. मेळ बसला म्हणजे शाईनें. वहींत तारीख, जागा, जमीन मुरमाड कीं काळी, झाड फुलावर कीं फळावर, नांव कोणी सांगितलें आणि लोक त्याचा उपयोग काय करतात, इतकें असावेंच लागतें.

ग्रंथाच्या बाबतींत आमच्या जिल्ह्याची कथा थोडी निराळी आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथ १९०१ पासून भागाभागांनीं निघाला. महाराष्ट्रांतील अभ्यासकांची मदार दीर्घकाळ त्यावरच. परंतु वर्धा तेव्हां मध्यप्रांतांत. अर्थात् आमचीं टेंकड्यानाले त्या ग्रंथाच्या हद्दीबाहेर राहिले. १९९६ ते २००१ या काळांत भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेनें साऱ्या महाराष्ट्राच्या वनस्पतींचा ग्रंथ तीन भागांत काढला, तेव्हां विदर्भ त्यांत आला. आतां प्राध्यापिकाबाई त्यांतून पडताळा पाहतात.

२००२ सालच्या जैवविविधता कायद्यान्वयें प्रत्येक गांवीं एक समिति असावी व तिनें लोकांच्या मदतीनें गांवच्या वनस्पति व प्राणी यांची नोंदवही करावी, असें ठरलें आहे. कल्पना उत्तम. परंतु अशी एक वही आमच्या पाहण्यांत आली, तींत माळरानाच्या गांवीं कोंकणांतील झाडें दाखल झालेलीं होतीं! कोणाच्या तरी छापील यादीवरून रात्रींतून उतरलेली ती वही. जें गांवच्या म्हाताऱ्यांस न विचारतां लिहिलें जातें त्याची हीच गत. मुलांची आमची वही तुलनेनें फार लहान आहे. परंतु तींतील प्रत्येक झाड जाऊन पाहतां येतें.

घरांत या उद्योगास आरंभीं विरोध झाला नाहीं असें नाहीं. आमचें कुटुंब एकत्र, लहानथोर मिळून चौदा माणसें. वहिनी म्हणाल्या, “सुटींत पोरांना चार दिवस आंबे खाऊं द्यायचे, तर तुम्ही त्यांना रानांत नेऊन काळीं करतां, भाऊजी!” साप-विंचवांचा धाक निघाला, ऊन लागण्याचा निघाला, मुलींस कशाला नेतां हेंहि निघालें. आम्हीं वाद घातला नाहीं. परतल्यावर सर्वांस कैरीचें पन्हें मिळावें एवढीच विनंति केली. तिसऱ्या वर्षीं वहिनी स्वतः आल्या. गणेशचतुर्थीस एकवीस पत्री वाहतांना अर्जुनपत्र म्हणून बाजारच्या जुडींतलें जें मिळेल तें पान त्या इतकीं वर्षें वाहत आल्या होत्या. धामेच्या काठीं त्या वृक्षाखालीं उभ्या राहून त्यांनीं वर पाहिलें, पडलेलें एक पान उचलून पदराच्या टोंकास बांधलें, आणि भाद्रपदांत जुडी सोडून एकेक पान त्याच्याशीं ताडून पाहिलें. अर्जुन त्या जुडींत नव्हताच. पत्रीवाल्याशीं त्यांचा जो संवाद झाला तो येथें देण्याजोगा नाहीं.

वही लिहिण्याचें काम आमच्या पुतण्याच्या मुलीकडे आहे. वय अकरा, अक्षर वळणदार. गतवर्षीं एका नाल्यांत आजीबाईंनीं दगडांच्या सांदींतील एक वेल दाखविली व तिच्या मुळीचा उपयोग सांगितला. मुलीनें नांव विचारून लेखणी सरसावली. आजीबाई म्हणाल्या, “त्याचं नाव नोका लिहू बाप्पा. मायनं मले सांगतलं, म्या नातीले सांगीन. वहीत गेलं का बजारात जाते.” प्राध्यापिकाबाईंस तें झाड अर्थातच ओळखतां आलें असतें, त्यांनीं छायाचित्र घेतलें नाहीं. वहींत त्या दिवशींची ती ओळ कोरी आहे. मुलांत यावर पुष्कळ चर्चा झाली. एकाचें म्हणणें, विद्या लपविणें योग्य नव्हे. दुसऱ्याचें, जिची विद्या तिची मर्जी. आजीबाईंची नात नागपुरास नोकरी करते व दिवाळीसच गांवीं येते, ही गोष्ट त्या चर्चेंत कोणी काढली नाहीं. आमच्या मनांत मात्र ती राहून राहून येते.

चारांविषयीं सांगून हें पुरें करतों. चारोळीचा भाव चढल्यापासून फळें पिकण्यापूर्वींच ओरबाडलीं जातात, आणि वरचीं हातीं लागावीं म्हणून सबंध फांद्या कोयत्यानें उतरविल्या जातात. तोडणाऱ्यास दोष देणें सोपें. परंतु शेजारचा आधीं तोडील या भीतीनें प्रत्येक जण आधीं तोडतो, आणि त्या चारोळीचें गिऱ्हाईक आपणच. आम्हीं नोंदलेल्या पांच चारांपैकीं दोहोंचीं नुसतीं खोडें यंदा उभीं होतीं. हीं झाडें ज्या जमिनीवर आहेत तिला सरकारी दप्तरांत ‘झुडपी जंगल’ म्हणतात. वर्ध्यासह पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतील या जमिनी वनजमिनी मानाव्यात असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २२ मे २०२५ रोजीं दिला. तोंपर्यंत झुडपी म्हणजे कुचकामाची, असाच पुष्कळांचा समज; त्याच कुचकामाच्या तुकड्यांत आमच्या वहीचीं निम्मीं पानें भरलेलीं आहेत.

गेल्या वैशाखाच्या अखेरीस मुलांनीं ती वही गांवच्या ग्रामसभेंत नेली. उरलेल्या तीन चारांचीं फळें पिकल्यावांचून कोणीं उतरवूं नयेत, फांदी तोडूं नये, आणि उतरविण्याचा दिवस साऱ्या गांवानें मिळून ठरवावा, असा अर्ज त्यांनीं वाचून दाखविला. सरपंचबाईंनीं तो ठेवून घेतला. आजीबाई मागच्या रांगेंत बसल्या होत्या. त्यांनीं उठून एवढेंच विचारलें कीं, दिवस कोण ठरवणार, झाड पाहणारा कीं कागद पाहणारा? त्यावर बराच वेळ गलका झाला. शेवटीं फळ पाहून दिवस सांगण्याचें काम सभेनें आजीबाईंकडेच दिलें, असें आम्हांस कळतें. ठरावाची नक्कल अद्याप हातीं आलेली नाहीं. चाराच्या मोहोराचे दिवस आतां जवळ आले आहेत.