दांडा सरळ करताना

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी दोन पाने लिहून द्यावीत, असा निरोप आला तेव्हा आम्ही अंगणात बसून एका कुऱ्हाडीचा वाकलेला दांडा वाफेवर धरला होता. निरोप घेऊन आलेल्या माजी विद्यार्थ्याने संकोचत विचारले, "सर, निवृत्तीनंतर हे काय आरंभलं आहे?" त्याला आम्ही हसून काहीतरी सांगितले. ते उत्तर अपुरे होते. ते पुरे करावे, एवढ्यासाठीच हा लेख.

गेल्या अकरा वर्षांत आमच्याकडे एकेचाळीस जुन्या कुऱ्हाडी जमल्या आहेत. काही पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाल्या, काही भंगारवाल्याकडे वजनावर घेतल्या, काही आप्तांच्या माळ्यावरून आल्या. घरोघर गॅस पोहोचला, लाकडाच्या वखारीत यंत्राची करवत आली, आणि कुऱ्हाड प्रथम कोपऱ्यात, मग माळ्यावर आणि शेवटी भंगारात गेली. ओंडके फोडण्याची जाड, वजनदार कुऱ्हाड निराळी. फांद्या छाटण्याची पातळ पात्याची निराळी. काही कुऱ्हाडींचे अंग साध्या लोखंडाचे आणि धारेपुरते पोलाद जोडलेले असते. अलीकडच्या बऱ्याचशा मालमोटारीच्या कमानपाट्यातून घडवलेल्या. लोहाराचे नाव कोठेही नसते. फार तर छिन्नीची एखादी खूण असते.

लोखंडाचे काम तसे सोपे. चिंचेच्या पाण्यात रात्रभर ठेवले की गंज सुटतो. धार कानशीने, हळूहळू लावावी. विजेच्या चाकावर घाई केली तर पाते तापून निळे पडते आणि पोलादाचे पाणी उतरते. याच कारणाने नेढ्यात, म्हणजे दांडा बसण्याच्या भोकात, अडकलेला जुना तुकडा विस्तवात जाळून काढू नये. तो पोखरून, ठोकून काढावा. खरा प्रश्न लाकडाचा. दांडा बाभळीचा असो, धावड्याचा असो की तिवसाचा, त्याचे रेषे लांबीला अखंड धावलेले असावे लागतात. रेषा मध्येच बाहेर पडली असेल तर तो दांडा आज ना उद्या तेथेच मोडणार. तो सरळ करण्यात अर्थ नाही. रेषा अखंड असून दांडा केवळ वाकलेला असेल, तर मात्र तो टाकून देऊ नये.

हे आम्ही पुस्तकात वाचलेले नाही. आपल्या शाळेच्या स्वयंपाकघरामागे, आठवीत असताना, गुरुजींच्या हाताखाली शिकलो. पण ती हकिकत सांगण्यापूर्वी आमच्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

आमचे आबा सातारा जिल्ह्यातील एका गावचे महार वतनदार. वतन म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावे लागते. तुटपुंज्या जमिनीच्या आणि भाकरतुकड्याच्या मोबदल्यात रात्री-अपरात्री गावाचे व सरकारचे पडेल ते काम करणे, असा त्याचा अर्थ होता. गावात अंमलदार आला की त्याच्या मुक्कामाचे सरपण पुरवावयाचे, वाड्यात लग्न निघाले की लाकडांची रास फोडून द्यावयाची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे ही वेठ होती. वतने प्रत्यक्ष गेली ती १९५८ च्या कायद्याने. आमच्या आबांनी कायद्याची वाट पाहिली नाही. १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर काही महिन्यांनी आमच्या वस्तीने दीक्षा घेतली. त्यानंतर वाड्यातून लाकडांचे बोलावणे आले, तेव्हा आबांनी कुऱ्हाडीचा दांडा ठोकून काढला, त्याचे तुकडे केले, आणि त्याच दांड्यावर त्या रात्री घरची भाकरी भाजली गेली. "आता दुसऱ्याच्या दारात ही चालायची न्हाई," एवढेच ते म्हणाले. पाते त्यांनी आढ्याला टांगले. पुढे दोन महिने गावच्या दुकानात आमच्या वस्तीला माल मिळाला नाही. आम्ही तेव्हा दीड वर्षाचे होतो. ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली की ती डोळ्यांनी पाहिली असेच वाटत असे.

१९६७ साली आम्ही या शाळेत पाचवीत दाखल झालो. तेव्हाचे जुने विद्यार्थी जाणतात की भोजनगृह सगळे लाकडांवर चाले. शनिवारी श्रमदान असे. लहान मुलांनी ढलप्या वाहावयाच्या, आठवीपासूनच्या मुलांनी लाकडे फोडावयाची. आमची पाळी आली त्या शनिवारी आम्ही हात मागे बांधून उभे राहिलो. "आमच्या घरात लाकडं फोडत नाहीत," असे आम्ही सांगितले. मुले हसली. गुरुजी हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला, कुऱ्हाड घेतली आणि आमच्या वाटणीचा ढीग स्वतः फोडला. त्यांच्या कपाळावरचा घाम पाहून लाज वाटावयास हवी होती; आम्हाला संताप आला. त्या सायंकाळी कुणाचे लक्ष नाही असे पाहून ती कुऱ्हाड आम्ही लाकडाच्या खोपटामागे गवतात फेकून दिली.

सगळा श्रावण ती तेथे पडून होती. भाद्रपदात गवत कापताना सापडली तेव्हा पात्यावर गंजाचा थर होता आणि दांडा धनुष्यासारखा वाकला होता. एक बाजू ओल्या मातीला टेकलेली, दुसरी उन्हावाऱ्याला उघडी. लाकूड एका अंगाने फुगले, एका अंगाने आकसले. गुरुजींनी ती कुणी टाकली हे विचारले नाही. फक्त आम्हाला हाक मारून म्हणाले, "चल, हिचं काय करता येतं ते बघू."

आंघोळीच्या पाण्याचा मोठा हंडा चुलाणावर उकळत होता. दांड्यावरून पाते उतरवून गुरुजींनी दांडा ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि हंड्याच्या तोंडावर आडवा ठेवला. एक इंच जाडीला सुमारे एक तास वाफ, हा त्यांचा हिशेब. मध्ये मध्ये आम्ही तो फिरवीत होतो. नुसत्या आगीवर धरला तर लाकूड वरून करपते आणि आतून ताठच राहते. वाफेने मात्र आतले बंध हळूहळू सैल होतात. तासाभराने दांडा काढला आणि झटपट एका सरळ वाशावर ठेवला. दोन्ही टोकांखाली बोटभर जाडीचे लाकडी तुकडे, वाकलेली पोकळ बाजू वाशाकडे, आणि मध्यभागी सुंभाचा फास. तो आवळत आवळत दांड्याचे पोट वाशाला टेकविले. आम्ही म्हणालो, "गुरुजी, हा तर आता उलटा वाकला." ते म्हणाले, "सोडल्यावर थोडा मागे फिरतो. तेवढा हिशेब आधीच धरायचा. आणि आठ दिवस सोडायचा नाही. गार होईपर्यंत, वाळेपर्यंत."

फास आवळताना सुंभाचे एक टोक आमच्या हातात होते, दुसरे त्यांच्या. तेव्हाच ते बोलले. "तुझ्या आबांनी दुसऱ्याच्या दारातली कुऱ्हाड खाली ठेवली. फार मोठं काम केलं. पण मला सांग, हे दार कुणाचं?"

आम्ही उत्तर दिले नाही. आठ दिवसांनी दांडा सोडला तो सरळ निघाला. मध्यावर जरासा वळसा राहिला, तेवढा राहू दिला. जवसाचे तेल पाजले, पाते बसविले, कोरडी पाचर ठोकली. पुढच्या शनिवारी आम्ही लाकडे फोडली. तळहाताला फोड आले. ते भोजनगृहाचे सरपण होते आणि रात्री त्यावर शिजलेले जेवण आम्हीच जेवलो.

त्याच सुमारास एका सायंकाळी वंदनेनंतर गुरुजींनी संयुत्तनिकायातील एक दृष्टान्त सांगितला. सुताराच्या वाकसाच्या मुठीवर बोटांचे आणि अंगठ्याचे ठसे दिसू लागतात. आज किती झिजली, काल किती झिजली, हे सुताराला सांगता येत नाही. झिजली आहे एवढे मात्र कळते. मनाचे मळही अभ्यासाने असेच झिजतात, असा त्याचा आशय. त्या वयात आम्हाला त्यातील मन कळले नाही, मूठ कळली. म्हणून आजही जुना दांडा हाती आला की आम्ही प्रथम त्यावरची झीज शोधतो. दांडा सरळ करावा, पण त्यावर रंधा मारू नये. रंधा मारला की कुणाच्या तरी आयुष्यभराच्या बोटांची खूण ढलपीबरोबर जाते.

एवढे सगळे मनात असूनही आमच्या छंदाला घरात पहिला विरोध झाला तो अक्काचा. अक्का आमच्याहून नऊ वर्षांनी मोठी. चार वर्षांपूर्वी ती घरी आली, बैठकीच्या भिंतीवर ओळीने लावलेल्या कुऱ्हाडी तिने पाहिल्या आणि पुढे केलेला चहा घेतला नाही. "आबांनी जी खाली ठेवली, ती तू भिंतीवर लावलीस व्हय?" कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण तिने उच्चारली नाही, पण तिच्या नजरेत ती होती. आम्ही वतनाचा इतिहास, जतनाचे महत्त्व, गुरुजींची गोष्ट, सारे सांगून पाहिले. आढ्यावरचे आबांचे पातेही दाखविले. त्याला आम्ही दांडा बसविलेला नाही, कधी बसविणारही नाही, हे सांगितले.

अक्का त्या पात्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी दांडा जाळला, ते समद्यांना ठावं हाय. दुसऱ्या दिसापासनं आपल्या चुलीची लाकडं कुणी फोडली, ते हाय का ठावं?"

आम्हाला ठाऊक नव्हते. साठ वर्षे आम्ही ती गोष्ट सांगत आलो आणि हा प्रश्न आमच्या मनात आला नव्हता. आईने फोडली होती. घरात पाते होते, दांडा नव्हता. आबांच्या शब्दापुढे नवा दांडा बसविण्याचे धाडस कुणी केले नाही. आई शेजारच्या वस्तीवरून कुऱ्हाड मागून आणी आणि अंधार पडण्याआधी परत नेऊन देई. ती नाही मिळाली तर तुऱ्हाट्या, शेणी, बाभळीच्या काट्या. अक्का तेव्हा दहा वर्षांची होती. फोडलेली लाकडे तीच गोळा करी. आबांच्या निश्चयाचा मान राखावा म्हणून आईने हे कधी कुणाला सांगितले नाही. आबांचा निश्चय लहान झाला असे यामुळे आम्हाला वाटत नाही. मात्र त्या निश्चयाचा भार एकट्या आबांनी उचलला, ही आमची समजूत चुकीची होती.

नंतर अक्का उठली आणि भिंतीवरची एक आखूड दांड्याची कुऱ्हाड तिने हातात घेतली. भंगारात मिळालेली, हलक्या पात्याची. तिचा दांडा अजून वाफेवर चढवायचा होता. धरण्याच्या जागी तो बारीक झिजला होता. तिने बोटे तेथे ठेवली. ती बरोबर बसली. "ही बाईची हाय," ती म्हणाली. "आईची न्हवं. पर आईसारकीच कुनाची तरी." मग तिने गार झालेला चहा घेतला.

यंदाच्या वर्धापनदिनी या एकेचाळीसही कुऱ्हाडी आम्ही शाळेच्या कार्यशाळेच्या स्वाधीन करीत आहोत. त्यांतील बहुतेक वापरण्याजोग्या आहेत. मुलांनी त्या वापराव्यात, आणि दांडा वाकला तर तो कसा सरळ करावा हे शिकावे. त्यासाठी लागणारा वासा, पाचरी आणि सुंभही सोबत देत आहोत. त्यांबरोबर आबांचे पातेही देत आहोत. ते दांड्याविना भिंतीवर टांगावे. त्याच्या शेजारी ती आखूड कुऱ्हाड ठेवावी. तिचा दांडा थोडा वाकडा आहे. तो आम्ही सरळ करणार होतो. अक्काने करू दिला नाही. "तिच्या हाताला तशीच बसली हाती," असे ती म्हणाली.