वेग की भरवसा?

परभणीत घरासाठी ब्रॉडबँड घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न वेगाचा निघतो. माझ्या मते तो दुसरा असावा. पहिला प्रश्न हा, की लाइन बंद पडली तर ती जोडून कोण देणार आणि किती वेळात? फायबरमधून प्रकाश येतो, पण त्याचं इंटरनेट करणारी घरातली डबी विजेवर चालते. जुन्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधून तारेतूनच मिळायची. ती सोय आता नाही. वीज गेली की महागडा प्लॅनही थांबतो. रस्ता खोदताना केबल तुटली, तर डबीवरचा ‘एलओएस’चा लाल दिवा लागतो आणि पुढचं सगळं स्थानिक माणसाच्या हातात जातं.

कुणी म्हणेल, घरात चार माणसं, मुलांचे वर्ग, मग वेग नको का? हवाच. पण एका व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. म्हणून शेजाऱ्यांकडे दुरुस्तीचा अनुभव विचारावा, मधला प्लॅन घ्यावा आणि वाचलेल्या पैशात डबी-राउटरसाठी छोटा बॅटरी बॅकअप घ्यावा.

तरी एक गोष्ट मनाला टोचत राहते. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने 2011 मध्ये मंजूर केली. पालम-सोनपेठकडच्या एखाद्या गावात आजही एकच पर्याय असेल, तर तिथल्या माणसाने प्राधान्यक्रम ठरवायचा तरी कशातून?