न हटणारें फोल्डर

जुनें दगडी जातें हलवावयाचें तर दोन माणसें लागतात. संगणकांतील फोल्डर हलविण्यास मात्र एका बोटाचें बळ पुरे, असा आमचा गेल्या वर्षापर्यंत समज होता. ग्रंथालयांतील संगणकाची डिस्क भरून गेली, वार्षिकाचें काम अडलें, आणि जें फोल्डर काढून टाकावयाचें ठरलें त्यानें जागचें हलण्यास साफ नकार दिला, तेव्हां हा समज पार नाहींसा झाला.

त्या फोल्डराची हकीकत अशी. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या बीड जिल्ह्यांतील कित्येक घरांतून कोयते बांधले जातात, आणि आईबाप ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत अथवा कर्नाटकांत निघून जातात. कांहीं मुलें त्यांच्यासंगें जातात, कांहीं मागें आजीपाशीं राहतात. या आज्यांपाशीं जात्यावरच्या ओव्यांचें भांडार आहे. हेमा राइरकर व गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नानें महाराष्ट्रांतील एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या, आणि त्यांत माजलगांवच्या भीमनगर वस्तींतील स्त्रियांनीं 1996 सालीं गायिलेल्या ओव्याहि आहेत, हें वाचून आम्हांस हुरूप आला. आमच्या विद्यार्थ्यांनीं दोन वर्षें खपून आपापल्या आज्यांच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणिल्या. आम्हीं त्या गांववार व घरवार लांबलचक मराठी नांवांच्या फोल्डरांत ठेविल्या. सर्वांत वरच्या फोल्डराचें ‘ओव्या’ हें आटोपशीर नांव बदलून पुढें ‘बीड जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांनीं संकलित केलेल्या जात्यावरील ओव्यांचा संग्रह’ असें केलें. नांव भारदस्त असावें, ही आमची जुनी खोड.

या सर्वांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून झाली होती. निदान तसें आम्ही समजत होतों. म्हणून मूळ फोल्डर काढूं लागलों.

पहिला संशय आला तो असा कीं, आंतील एखादी फाइल कोणत्या तरी प्रोग्रॅमनें धरून ठेविली असावी. विंडोजची रीतच अशी आहे कीं, उघडी फाइल सहसा पुसूं द्यावयाची नाहीं. सर्व खिडक्या मिटविल्या, संगणक बंद करून पुन्हां चालू केला. फोल्डर जागच्या जागीं! मग वाटलें, मालकीचा प्रश्न असेल. प्रशासकाच्या अधिकारानें प्रयत्न केला. व्यर्थ! एका विद्यार्थ्यानें नांवाचा दोष सुचविला. तो अगदींच पोरकट नव्हता. रोमन लिपींत ‘कॉन’, ‘ऑक्स’ अथवा ‘नल’ असें नांव विंडोज फोल्डरास देऊं देत नाहीं, आणि आडमार्गानें दिलेंच तर तें फोल्डर सरळ वाटेनें पुसतां येत नाहीं. 1981 सालच्या डॉसमध्यें फोल्डरेंच नव्हतीं. हीं नांवें कळफलक-पडद्यासारख्या उपकरणांसाठीं राखलेलीं होतीं. फोल्डरें 1983 सालीं आलीं, पण राखीव नांवें तशींच चालत राहिलीं. पण आमचीं नांवें पडलीं देवनागरी. त्यांस ही बंदी कोठून असणार?

शेवटीं आम्हीं हट्टास पेटून रोबोकॉपीचा उपाय काढला. हा उपाय मोठा विलक्षण आहे. एक रिकामें फोल्डर घ्यावयाचें आणि भरलेल्या फोल्डरास हुबेहूब त्यासारखें करण्याची आज्ञा द्यावयाची. म्हणजे आंत असेल नसेल तें सर्व पुसलें जातें, आणि तें कचरापेटींतहि जात नाहीं. आज्ञा लिहून झाली. एक कळ दाबावयाची उरली, तोंच मागें उभी असलेली एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, “सर, माझ्या आजीच्या ओव्या यांतच आहेत ना? त्या दुसऱ्या डिस्कवर ऐकूं आल्या नाहींत.”

“असतील, नीट पाहिलें नसशील,” असें आम्ही जरा त्रासूनच म्हणालों. परंतु बोट मागें घेतलें, आणि दोन्हीं ठिकाणच्या फायली मोजल्या. प्रतींत 41 फायली कमी!

मग उलगडा झाला. विंडोजमध्यें फाइलचा पूर्ण पत्ता, डिस्कच्या अक्षरापासून फाइलच्या नांवापर्यंत, साधारणतः 260 वर्णांच्या आंत असावा लागतो. 2016 पासून ही मर्यादा उठविण्याची सोय झाली आहे खरी, पण फायली दाखविणारी नेहमींची खिडकी तिला जुमानीत नाहीं. आणि येथें मराठीची गोम आहे. ‘विद्यार्थी’ या शब्दांत डोळ्यांस अक्षरें दिसतात तीन. संगणक मात्र प्रत्येक वेलांटी, काना व पाय मोडल्याचें चिन्ह वेगळें धरून दहा मोजतो! वरच्या फोल्डरास आम्हीं भारदस्त नांव दिलें, त्याबरोबर तळांतील 41 फायलींचे पत्ते मर्यादेबाहेर गेले. त्या उघडेनात, पुसल्या जाईनात आणि प्रतींतहि उतरेनात. प्रत काढतांना संगणकानें तसें विचारलेंहि होतें. घाईंत ‘वगळा’ हें बटण दाबणारे आम्हीच!

वरच्या फोल्डरास पुन्हां ‘ओव्या’ हें नांव दिलें. लगेच 41 फायली उघडूं लागल्या. त्या प्रथम दुसऱ्या डिस्कवर घेतल्या, मग तिसऱ्यावर, आणि या खेपेस मोजून घेतल्या.

त्या मुलीची आजी गेल्या उन्हाळ्यांत वारली होती, हें आम्हांस त्याच दिवशीं कळलें. मुलीनें फाइल लाविली. जात्याची घरघर, मग आवाज. दुसऱ्या ओवीच्या मध्येंच आजी थांबते आणि पिठांत तोंड घालणाऱ्या शेळीवर ओरडते. मुद्रण करणारी नात हंसते. मग ओवी सोडली होती तेथूनच पुढें सुरू होते. मुलीनें तेवढा भाग तीन वेळां ऐकला. आम्हीं हजेरीपट उघडून बसलों होतों, पण एकहि नांव वाचलें नाहीं.

फोल्डर दुसऱ्या दिवशीं काढलें. एका बोटानें गेलें.