अँटवर्पचे वाफल

अँटवर्पच्या मध्यवर्ती रेल्वेस्थानकालगत हिऱ्यांची बाजारपेठ आहे, तर विल्राईक उपनगरात आपले संगमरवरी जिनमंदिर. दर्शन आटोपून परतताना नातू वाफलच्या दुकानापाशी थबकला. ब्रसेल्सच्या वाफलला हलकेपणा येतो तो यीस्ट व फेटलेल्या अंड्यामुळे. ‘‘आपल्याला चालत नाही,’’ म्हणताच त्याचा चेहरा उतरला. मलाही तो नकार बोचला.

घरी सुनेने मैदा, साखर, दूध व पातळ तूप घेतले. दह्यात सोडा घालताच ते फसफसले. तयार मिश्रण विलंब न लावता तापलेल्या साच्यात ओतले; वाफ विरेपर्यंत झाकण उघडले नाही. वरून कुरकुरीत, आतून जाळीदार वाफल उतरले. जूनमधला सूर्य तेथे दहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे चौविहारही सांभाळला गेला. पहिला वाफल नातवाने माझ्या ताटात वाढला.